नाव ठरवण्यापासून नोंदणीपर्यंत : वऱ्हाडातील व्यावसायिकांसाठी ट्रेडमार्कविचार

वऱ्हाडातील व्यापारात नाव ठेवण्याच्या तीन वाटा पूर्वापार चालत आल्या आहेत : देवाचे किंवा संताचे नाव, गावाचे किंवा प्रदेशाचे नाव आणि घराण्याचे आडनाव. अकोल्याच्या डाळ मिलमधून निघणारा कट्टा असो, अमरावतीच्या मिठाईचा डबा असो किंवा खामगावच्या चांदीच्या दुकानाची पाटी असो, या तिन्हींपैकी एखादे नाव तेथे बहुधा आढळतेच. ही नावे श्रद्धेने आणि अभिमानाने ठेवली जातात, गिऱ्हाइकालाही ती जवळची वाटतात; परंतु कायद्याच्या दृष्टीने नेमकी हीच तीन प्रकारची नावे स्वतःपुरती राखून ठेवणे सर्वांत अवघड असते. ट्रेडमार्कची नोंदणी म्हणजे एक अर्ज आणि त्याचे शुल्क अशी समजूत सर्वत्र असली, तरी त्या अर्जाचे भवितव्य बऱ्याच अंशी पाटी रंगवण्यापूर्वी, नाव पक्के करण्याच्या वेळीच ठरून गेलेले असते, आणि म्हणून या विषयाचा विचार कार्यालयाच्या दारापासून नव्हे, तर नाव ठरवण्यापासूनच करावा लागतो.

ट्रेडमार्क किंवा व्यापारचिन्ह म्हणजे एका व्यावसायिकाचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वेगळी ओळखू येण्यासाठी वापरलेले चिन्ह. ते शब्द, अक्षरे, अंक, चित्र, वेष्टन, मालाचा आकार, रंगांची जुळणी किंवा यांपैकी काहींचे मिश्रण असू शकते. अट एवढीच की ते कागदावर दाखवता आले पाहिजे आणि त्यावरून माल कोणाचा हे कळले पाहिजे. भारतात या विषयावर सध्या ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ हा कायदा लागू असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि त्याखालील प्रचलित नियम २०१७ चे आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी अनेक व्यावसायिक निर्धास्त राहतात. दुकान-आस्थापना कायद्याखालील गुमास्ता, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र, अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना किंवा कंपनी निबंधकाकडे झालेली कंपनीच्या नावाची नोंद यांपैकी एकाही कागदाने नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. व्यवसाय कायदेशीर आहे, कर भरला जातो किंवा अन्न सुरक्षित आहे एवढेच ते कागद सांगतात. उलट, एखाद्या कंपनीचे नाव दुसऱ्याच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी जुळत असेल, तर कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत त्या ट्रेडमार्कचा मालक कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १६ खाली नाव बदलण्याची मागणी करू शकतो. तरीही गुमास्त्यापासून जीएसटीपर्यंतचे हे सर्व कागद जपून ठेवावेत, कारण नावाचा वापर केव्हापासून आहे हे सिद्ध करताना पुढे तेच कामी येतात.

गाव, देव आणि आडनाव

कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग किंवा उगमस्थान एवढेच सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी सहसा होत नाही. यामागचा विचार न्याय्य आहे, कारण जो शब्द त्या व्यापारातील प्रत्येकाला वापरावाच लागतो तो एकाच्या मालकीचा झाला, तर बाकीच्यांना आपल्या मालाचे साधे वर्णनही करता येणार नाही. ‘मेळघाट मध’, ‘वऱ्हाडी ठेचा’ किंवा ‘अकोला तूरडाळ’ ही नावे कानाला गोड वाटली तरी ती केवळ माल आणि मुलूख सांगतात, आणि मेळघाटात मध गोळा करणाऱ्या प्रत्येकाला ‘मेळघाटचा मध’ असे लिहिण्याचा अधिकार आहे. सिगारेटसाठी ‘सिमला’ हे नाव मागणाऱ्या इम्पीरियल टोबॅको या मोठ्या कंपनीलाही नोंदणी नाकारली गेली होती आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो नकार कायम ठेवला. सिमल्यात तंबाखू पिकत नसला तरी एवढ्या प्रसिद्ध गावाचे नाव एका कंपनीला आंदण देता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

शेगावची कचोरी हे या बाबतीत वऱ्हाडातच घडलेले उदाहरण आहे. रेल्वे स्थानकावर नावारूपाला आलेला हा पदार्थ आज राज्यातील अनेक शहरांत ‘शेगाव कचोरी’ याच पाटीखाली विकला जातो आणि खाणाऱ्याच्या मनात तो शब्द कोणा एका दुकानाचा न राहता पदार्थाच्या प्रकाराचा झाला आहे. अशा वेळी त्या प्रकारची कचोरी उत्तम करणाऱ्या व्यावसायिकाने ‘शेगाव कचोरी’ या दोन शब्दांवर हक्क सांगण्यात शक्ती घालवण्यापेक्षा त्यांच्याआधी आपले स्वतःचे वेगळे नाव जोडावे, वेष्टनावर तेच ठळक छापावे आणि नोंदणीही त्याचीच मागावी. अमरावतीचा गिला वडा अजून गावाबाहेर तितका पसरलेला नाही. तो पुण्या-मुंबईत नेऊ पाहणाऱ्यांनी हा धडा आधीच घेतलेला बरा.

वर्णनात्मक किंवा गावाच्या नावाला एक अपवाद आहे. अर्ज करण्याच्या तारखेपूर्वी दीर्घ आणि अखंड वापरामुळे ते नाव लोकांच्या मनात एकाच व्यावसायिकाशी जोडले गेले असेल, म्हणजे त्याला संपादित वेगळेपण आले असेल, तर ते नोंदवता येते. मात्र ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षांच्या विक्रीचे आकडे, जाहिरातीचा खर्च, वर्तमानपत्रांतील कात्रणे असा भक्कम पुरावा लागतो, आणि नव्या व्यवसायाकडे तो असणे शक्यच नाही.

गावाचे नाव जेथे खरोखर गुणवत्तेशी बांधलेले असते तेथे भौगोलिक मानांकनाचा वेगळा कायदा लागू होतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये असे मानांकन मिळाले. मानांकन हे एका व्यापाऱ्याचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामाईक असते. उत्पादकाने चेन्नई येथील भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवले की त्याला ते आपल्या पेटीवर लावता येते. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार या संत्रापट्ट्यातील बागायतदारांच्या गटाने आपला प्रदेश मानांकनाच्या नकाशात येतो का हे आधी पाहावे आणि मग त्याच्या जोडीने स्वतःचा स्वतंत्र ब्रँडही नोंदवावा.

देवांच्या आणि संतांच्या नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण अंबादेवीच्या अमरावतीत आणि गजानन महाराजांच्या शेगावजवळ व्यवसाय करणाऱ्याला दुसरे नाव सुचतच नाही. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी मागणाऱ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लाल बाबू प्रियदर्शी खटल्यात फेटाळला आणि पवित्र ग्रंथाच्या निव्वळ नावावर कोणा एकाला मालासाठी मक्तेदारी मिळू शकत नाही असे स्पष्ट केले. देवांची नावे असलेली चिन्हे नोंदवली जात नाहीत असे नाही. परंतु ‘अंबा’, ‘गजानन’ किंवा ‘साई’ असा एकच शब्द घेतला, तर त्याच प्रकारच्या मालासाठी तेच नाव आधीच नोंदवलेले किंवा अर्जात असलेले बहुधा सापडते आणि नोंदणी मिळालीच, तरी शेजारच्या गावातील ‘श्री अंबा’ला रोखणे जड जाते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र तर बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीतच आहे, म्हणून ते ट्रेडमार्क म्हणून घेण्याचा विचारही करू नये. भक्ती जपायची असेल तर देवाचे नाव संस्थेच्या नावात ठेवावे आणि मालावर छापायचे ब्रँडनाव निराळे घ्यावे.

आडनावाची अडचण दोन बाजूंनी येते. कलम ३५ नुसार कोणालाही स्वतःचे नाव प्रामाणिकपणे आपल्या व्यवसायासाठी वापरता येते, म्हणून त्याच आडनावाचा दुसरा माणूस शेजारी दुकान घालून बसला तर त्याचा हेतू लबाडीचा होता हे दाखवून द्यावे लागते. दुसरी बाजू घरातलीच असते. बिकानेरहून निघालेले ‘हल्दीराम’ हे नाव नागपूर, दिल्ली आणि कोलकाता येथील कुटुंबशाखांत वाटले गेले, १९७४ च्या भागीदारी विसर्जनपत्रात प्रदेशांची विभागणी झाली, आणि तरीही त्या नावावरून शाखाशाखांत प्रदीर्घ काळ कोर्टकचेऱ्या झाल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ज्या नावाला ‘सुप्रसिद्ध चिन्ह’ म्हणून मान्यता दिली त्या नावाची ही कथा असेल, तर दोन भावांच्या भागीदारीतील दुकानाने वाटणीपत्रात ब्रँडचे काय होणार याची एकही ओळ न लिहिणे हे किती धोक्याचे आहे याची कल्पना येते. भागीदारी करारातच नावाचा मालक कोण, भागीदार बाहेर पडल्यास त्याला ते वापरता येईल की नाही आणि शाखा काढल्यास कोणत्या अटींवर, हे लिहून ठेवावे.

मग नाव घ्यावे तरी कोणते? मालाशी अर्थाने संबंध नसलेला शब्द किंवा सर्वस्वी नवा घडवलेला शब्द कायद्याने सर्वांत बळकट ठरतो. त्याखालोखाल मालाचा गुण सूचित करणारा, पण थेट न सांगणारा शब्द येतो. असे नाव रुळायला वेळ लागतो आणि सुरुवातीला विक्रेते नाकही मुरडतात, हे खरे आहे. परंतु एकदा रुळल्यावर ते दुसऱ्याला घेता येत नाही, आणि एवढ्यासाठी पहिल्या दोन-तीन वर्षांची ओढाताण सोसणे शहाणपणाचे ठरते.

शोध आणि वर्ग

नाव मनात आल्यावर आणि छपाईला देण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक शोध-सुविधेत ते तपासावे. ही सुविधा विनामूल्य आहे. केवळ हुबेहूब शब्द पाहून थांबू नये; उच्चारावरून शोध घेण्याची सोय तेथे आहे आणि मराठी शब्द रोमन लिपीत चार प्रकारे लिहिला जाऊ शकतो, म्हणून ते चारही प्रकार पाहावेत. दोन नावांतील साम्य ठरवताना न्यायालये ती शेजारी ठेवून अक्षरे मोजत नाहीत. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले की सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या गिऱ्हाइकाची गफलत होईल का, हा खरा प्रश्न आहे, आणि औषध खेड्यातील तसेच शहरातील, साक्षर तसेच निरक्षर माणूस घेतो याचाही विचार त्यात केला. बाजाराच्या दिवशी घाईत खरेदी करणारा शेतकरी डोळ्यांसमोर ठेवूनच आपले नाव दुसऱ्याच्या नावाशी ताडून पाहावे.

नोंदणी सर्व मालासाठी एकदम होत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार माल आणि सेवा यांचे ४५ वर्ग केलेले असून १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे आहेत. हे वर्ग किती बारकाईने पाडलेले आहेत हे वऱ्हाडातील मुख्य पिकावरून चांगले समजते. जिनिंगमधून निघालेला कच्चा कापूस वर्ग २२ मध्ये येतो, त्याचे सूत २३ मध्ये, कापड २४ मध्ये, शिवलेले कपडे २५ मध्ये आणि दवाखान्यात वापरायचा शोषक कापूस वर्ग ५ मध्ये. त्याच बोंडातील पेरणीची सरकी वर्ग ३१ मध्ये येते, सरकीचे खाद्यतेल २९ मध्ये, आणि ज्या ढेपेच्या वायदेबाजारात अकोला हे भावाचे मूळ केंद्र धरले जाते ती पशुखाद्याची ढेप पुन्हा ३१ मध्ये. म्हणजे एकाच आवारात जिनिंग, तेलघाणी आणि ढेपेची विक्री करणाऱ्याला एका नावासाठी किमान तीन वर्ग लागतात. संत्र्याचेही तसेच आहे : ताजे फळ ३१, रस ३२, मुरंबा २९ आणि संत्रा बर्फी ३०. बेसन आणि मसाले वर्ग ३० मध्ये स्पष्ट आहेत. डाळीच्या बाबतीत मात्र कच्चे धान्य आणि प्रक्रिया केलेले धान्य यांत भेद होत असल्याने वर्गीकरणाच्या यादीतील नेमकी नोंद पाहूनच अर्ज भरावा. उपाहारगृह वर्ग ४३ मध्ये आणि किरकोळ विक्रीची सेवा ३५ मध्ये येते. आज जो माल विकला जातो त्याचे वर्ग आधी घ्यावेत, येत्या वर्ष-दोन वर्षांत जो निश्चित विकला जाणार त्याचे नंतर. निव्वळ अडवणुकीसाठी घेतलेले वर्ग टिकत नाहीत, कारण नोंदणीनंतर सलग पाच वर्षे आणि तीन महिने वापर न झाल्यास त्या कारणावरून कोणीही नाव काढून टाकण्याची मागणी करू शकतो.

बियाण्यांच्या व्यापाऱ्यांसाठी एक सूचना येथेच द्यायला हवी. अकोला हे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाबीजचे, म्हणजे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे, मुख्यालय आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही तेथेच आहे, त्यामुळे या भागात वाणाचे नाव आणि ब्रँडचे नाव यांची गल्लत वारंवार होते. वाणाचे नाव पिशवीत कोणते बियाणे आहे ते सांगते आणि ते वाण विकण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला तेच नाव लिहावे लागते. ब्रँड मात्र बियाणे कोणी तयार करून विकले ते सांगतो. वाणाच्या हक्कांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, आणि विद्यापीठाने प्रसारित केलेल्या वाणाचे नाव आपला ट्रेडमार्क म्हणून मागणे व्यर्थ आहे.

अर्ज कोणाच्या नावे, किती शुल्कात

अर्ज टीएम-ए या नमुन्यात ऑनलाइन करता येतो. महाराष्ट्रातील अर्जदारासाठी मुंबईचे नोंदणी कार्यालय आहे आणि सुनावण्या दूरदृश्य पद्धतीने होत असल्यामुळे अमरावती किंवा अकोल्याच्या व्यावसायिकाला त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. व्यक्ती, लघुउद्योग आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,००० रुपये. उद्यम प्रमाणपत्र जोडले की भागीदारी संस्थेला किंवा छोट्या कंपनीलाही कमी शुल्काचा लाभ मिळतो, म्हणून ते नसेल तर आधी काढून घ्यावे. जिल्हा उद्योग केंद्रात त्याबाबत मदत मिळते. वकिलाची किंवा ट्रेडमार्क एजंटची फी वेगळी असते, आणि ती ठरवताना ती केवळ अर्जापुरती आहे की पुढील उत्तरासह आणि सुनावणीसह आहे हे लिहून घ्यावे.

अर्जदाराचे नाव चुकले की नंतरची दुरुस्ती महागात पडते. वडिलांच्या नावे दुकान, मुलाच्या नावे जीएसटी आणि सुनेच्या नावे ट्रेडमार्क अशी रचना कराच्या सोयीसाठी केलेली असते, पण वाद उभा राहिला की बिले एकाची आणि नोंदणी दुसऱ्याची निघते. ज्याच्या नावे माल विकला जातो त्याच्याच नावे अर्ज असावा, किंवा दोघांत लेखी परवाना-करार असावा. महिला बचत गटांचा प्रश्न याहून वेगळा आहे. पापड, कुरड्या, शेवया, मसाले करणाऱ्या गटाला बँकेत खाते असले, तरी नोंदणी नसलेल्या गटाला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नसते. त्यामुळे सोय म्हणून अध्यक्षाच्या एकटीच्या नावे अर्ज केला जातो आणि ती गट सोडून गेली की सगळ्यांच्या कष्टाने उभे राहिलेले नाव तिच्याबरोबर जाते. अशा गटांनी सर्व सदस्यांचा संयुक्त अर्ज करावा, किंवा अनेक गट एकत्र येऊन उत्पादक कंपनी अथवा सहकारी संस्था स्थापन करून तिच्या नावे नोंदणी घ्यावी. सदस्यांनी वापरायच्या सामाईक नावासाठी कायद्यात ‘सामूहिक चिन्ह’ हा स्वतंत्र प्रकारही आहे. त्यात चिन्ह संघाच्या मालकीचे राहते आणि नियमावली पाळणाऱ्या प्रत्येक सदस्य गटाला ते वापरता येते. गावोगावच्या गटांना हा प्रकार फार उपयोगाचा असूनही त्याचा प्रसार व्हावा तितका झालेला नाही.

चिन्हाचे चित्र ज्याने काढले त्याच्याकडून लेखी हक्कपत्र घेणे हीसुद्धा सहज राहून जाणारी बाब आहे. छापखान्यातील किंवा फ्लेक्सच्या दुकानातील चित्रकाराने मोबदला घेऊन तयार केलेल्या चित्राचा प्रताधिकार (कॉपीराइट) पैसे दिल्याने आपोआप हस्तांतरित होतोच असे नाही. एका पानाच्या सहीच्या कागदाने तो प्रश्न कायमचा मिटतो.

अर्जात नावाचा वापर केव्हापासून आहे हे सांगावे लागते. वापर सुरूच झाला नसेल तर ‘वापरण्याचा इरादा’ असे लिहावे. झाला असेल तर पहिली तारीख देऊन तिच्या पुष्ट्यर्थ शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात. ही तारीख फुगवून सांगण्याचा मोह टाळावा, कारण पुराव्याशी न जुळणारी एक तारीख संपूर्ण शपथपत्रावर संशय आणते. चिन्ह मराठीत असेल तर त्यातील शब्दांचे लिप्यंतर आणि अर्थही नीट द्यावा. शब्द आणि चित्र मिळून एकच अर्ज करायचा की शब्दाचा वेगळा करायचा, हा प्रश्न पैशाच्या मर्यादेत सोडवावा लागतो. एकच अर्ज परवडणार असेल आणि शब्द बळकट असेल तर शब्दाचा करावा, कारण वेष्टनाचे चित्र पाच-दहा वर्षांत बदलते, शब्द टिकतो.

आक्षेपापासून प्रमाणपत्रापर्यंत

अर्ज दाखल झाल्यावर परीक्षक तो तपासून परीक्षण अहवाल देतो. नाव वर्णनात्मक आहे हा कलम ९ खालील आक्षेप किंवा आधीच्या एखाद्या चिन्हाशी साम्य आहे हा कलम ११ खालील आक्षेप, यांपैकी एखादा बहुतेक अहवालांत असतो. संकेतस्थळावर ‘ऑब्जेक्टेड’ असा शेरा पाहून अर्ज फेटाळला गेला असे समजून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. वास्तविक ती केवळ स्पष्टीकरणाची मागणी असते. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर न दिल्यास मात्र अर्ज सोडून दिला असे मानले जाऊ शकते, आणि अहवाल ई-मेलने येत असल्याने अर्जात दिलेला ई-मेल रोज उघडला जाणारा असावा, सायबर कॅफेवाल्याचा नसावा.

उत्तर मान्य झाले की चिन्ह दर आठवड्याला निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. त्यानंतर चार महिन्यांपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतो. तशी हरकत आली तर तिची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन द्यावेच लागते आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. कोणाचीच हरकत नसेल तर प्रमाणपत्र मिळते आणि त्याचा अंमल अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. म्हणून आणखी थोडा धंदा वाढू दे, मग पाहू, असे म्हणत अर्ज लांबवण्यात तोटाच आहे. जर्नलमध्ये नाव झळकल्यावर सरकारी वाटणारी, पैसे भरण्याची पत्रे आणि ई-मेल येण्याचे प्रकार घडतात. शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावर भरायचे असते, हे लक्षात ठेवून अशा पत्रांना भुलू नये.

नोंदणीपूर्वी नावापुढे टीएम ही अक्षरे लिहिता येतात. वर्तुळातील आर हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्यानंतरच लावावे, आधी लावणे कायद्याचा भंग ठरते. नोंदणी १० वर्षांची असते आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करत ती हवी तितकी वर्षे चालू ठेवता येते. वर्गामागे ऑनलाइन नूतनीकरणाचे शुल्क ९,००० रुपये आहे आणि मुदत उलटून गेली तर सहा महिन्यांपर्यंत जादा शुल्कासह ते करता येते. ही नोंदणी फक्त भारतापुरती असते. दुबईला संत्री किंवा परदेशातील मराठी कुटुंबांना मसाले पाठवणाऱ्याने, भारत २०१३ मध्ये ज्यात सामील झाला त्या माद्रिद पद्धतीने मुंबईच्याच कार्यालयामार्फत निवडक देशांसाठी अर्ज करावा.

नक्कल झाल्यास

नोंदणी नसलेला जुना व्यावसायिक अगदीच निराधार नसतो. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याच्या कृत्याविरुद्ध, ज्याला वकिली व्यवहारात पासिंग ऑफ म्हणतात, त्याला दाद मागता येते. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई हलवा’ या मिठाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क नोंदणीधारकाच्या हक्काहून वरचढ ठरवला. नावाच्या आधी गावाचे नाव जोडून नोंदणी मिळवल्याने नंतर आलेल्याचा बचाव झाला नाही. पुण्यातील एका उपाहारगृहाने अमेरिकी ‘बर्गर किंग’ कंपनीविरुद्ध आपल्या १९९० च्या दशकापासूनच्या वापरावरच लढा दिला, २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला आणि त्यानंतर तो वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या दोन्ही प्रकरणांत आधार कागदांचाच आहे. नाव छापलेली पहिली बिले, वेष्टनाच्या छपाईची पावती, जत्रेतील स्टॉलची पावती, वर्तमानपत्रातील जाहिरातीचे पूर्ण पान तारखेसह, असे सर्व वर्षवार लावून ठेवावे. थर्मल कागदावरची बिले फिकट होतात, म्हणून त्यांच्या छायाप्रती काढाव्यात.

नक्कल नेहमी नावाचीच असते असे नाही. ‘पार्ले’च्या ग्लुको बिस्किटांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पुड्याचा एकंदर देखावा महत्त्वाचा मानला, दोन पुडे शेजारी ठेवून दहा फरक दाखवता आले तरी एकूण ठसा सारखा असेल तर नक्कल ठरते, हा त्याचा निष्कर्ष. म्हणून रंगसंगतीसह वेष्टनाचीही नोंदणी, ऐपत असल्यास, करून घ्यावी.

दाव्यासाठी प्रतिवादीच्या गावी जावे लागत नाही. कलम १३४ नुसार नोंदणीकृत चिन्हाचा मालक स्वतः जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणजे नक्कल करणारा सुरतेत असला तरी अकोल्याच्या व्यापाऱ्याला अकोल्यात दावा करता येतो. अपिलासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ जवळ आहे. खोटे चिन्ह लावून माल विकणे हा सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हाही आहे, पण झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येते आणि त्यापूर्वी त्याला नोंदणी कार्यालयाचे मत घ्यावे लागते. म्हणून साध्या नकलेसाठी आधी वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम हीच वाट अधिक उपयोगी पडते.

नोटीस मात्र वेळेवर जायला हवी. दुसऱ्याने आपल्याशी मिळतेजुळते चिन्ह नोंदवून ते वापरायला सुरुवात केली आहे हे माहीत असूनही मालक सलग पाच वर्षे गप्प राहिला, तर कलम ३३ नुसार त्याला पुढे ती नोंदणी रद्द करण्याची किंवा वापर थांबवण्याची मागणी सहसा करता येत नाही. समोरच्याने अर्जच अप्रामाणिकपणे केला होता हे दाखवता आले तरच सुटका होते. ‘अमृतधारा’ खटल्यातही साम्य मान्य झाले होते, आणि तरी मालकाने उत्तर प्रदेशातील वापर दीर्घकाळ चालू दिला म्हणून ‘लक्ष्मणधारा’ला त्या एका राज्यापुरती नोंदणी मिळाली. नातेसंबंध, एकाच बाजारातील बसणे-उठणे किंवा समोरच्याचा धंदा लहान आहे ही कारणे तोंडी राहू द्यावीत; कागदावर मात्र पहिल्याच वर्षी, पोच घेऊन, लेखी हरकत नोंदवलेली असावी.